'केन' कोणी लिहिला हे शोधायला बसले, त्याची गोष्ट

२०२०च्या डिसेंबरात डेव्हिड फिंचरचा 'मँक' नेटफ्लिक्सवर आला, 'सिटिझन केन' लिहिण्यात हात असलेल्या हर्मन मँकिविट्झ ऊर्फ मँकवरचा सिनेमा. थिएटरला जायची तेव्हा अजून धास्तीच होती, त्यामुळे आमच्या फिल्म ग्रुपातल्या झाडून सगळ्यांनी तो घरबसल्या एकाच आठवड्यात बघितला आणि मग व्हॉट्सअॅपवर जी काही जुंपली ती विचारू नका. निम्म्यांचं म्हणणं 'सिटिझन केन' हर्मन मँकिविट्झनेच लिहिला, दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने आयतं नाव घुसवलं. उरलेले म्हणत होते ही कंडी १९७१ मध्ये पिकली आणि वर्षभरात खोटीही ठरली, सिनेमा बघून इतिहास शिकू नका. मी मालिकांचे संवाद लिहून पोट भरते, त्यामुळे शेवटी सगळ्यांनी ते माझ्या गळ्यात मारलं. तू लिहिणारी आहेस ना, मग तूच सगळं वाच, आपण 'केन' परत एकत्र बघू आणि नंतर तू बोल. मला वाटलं दोन लेख वाचून होईल. कसलं काय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वेल्स म्हणजे रेडिओ आणि नाटकातला पोरगा, आरकेओ स्टुडिओने १९३९ मध्ये चोविसाव्या वर्षी त्याच्याशी असा करार केला की लेखन, दिग्दर्शन, निर्मिती, अभिनय सगळं त्याचंच. मँकिविट्झ चाळिशी ओलांडलेला, जुना पेपरवाला, हॉलिवूडमधला मुरलेला लेखक, जिभेने तिखट आणि दारूने पोखरलेला. १९३९च्या सप्टेंबरात गाडीच्या अपघातात त्याचा पाय मोडला, प्लास्टरमध्ये पडून असताना तो वेल्सच्या रेडिओ कार्यक्रमाची स्क्रिप्टं लिहायचा, आणि त्यातूनच पुढे हे सिनेमाचं प्रकरण निघालं. 'केन' १ मे १९४१ ला न्यूयॉर्कमध्ये रिलीज झाला. टायटलमध्ये पटकथेच्या कार्डावर दोन नावं, वर मँकिविट्झ, खाली वेल्स. ऑस्करची नऊ नामांकनं आणि मिळालं एकच, तेही पटकथेचं. म्हणजे ज्या गोष्टीवरून भांडण तीच गोष्ट बक्षीसपात्र.

सुरुवात मी अमेरिकन सिनेसमीक्षक पॉलीन केलपासून केली, कारण भांडणाचं मूळ तिथेच आहे. एका मैत्रिणीच्या वडिलांकडे 'द सिटिझन केन बुक'ची जुनी पेपरबॅक होती, पानं पिवळी, बाइंडिंगला चिकटपट्टी. त्यात केलबाईंचा 'रेझिंग केन' हा लेख आहे, शिवाय शूटिंग स्क्रिप्ट आणि तयार सिनेमावरून उतरवून घेतलेला मजकूर, दोन्ही. हा लेख फेब्रुवारी १९७१ मध्ये 'न्यूयॉर्कर'मध्ये दोन भागांत आला, जवळपास ५०,००० शब्द. आणि काय लिहिलाय! बाई लिहायला लागल्या की तुम्ही त्यांच्या बाजूचे होऊनच जाता. १९३०च्या आगेमागे पेपरांतून हॉलिवूडला आलेली सगळी टवाळ, हुशार, दारूबाज लेखकमंडळी त्यांनी अशी उभी केलीय की वाटतं खरे कर्ते हेच, दिग्दर्शक नुसते मिरवायला. ऑटर थिअरीवर त्यांचा राग होताच, सिनेमा म्हणजे दिग्दर्शकाचीच निर्मिती असं मानणाऱ्या समीक्षक अँड्र्यू सॅरिसशी त्यांचं आधीच वाजलेलं होतं. त्यामुळे 'केन'मध्ये त्यांना हवा तसा मुद्दा सापडला.

त्यांचा मुख्य पुरावा म्हणजे रीटा अलेक्झांडर. मँकला व्हिक्टरव्हिलच्या एका रँचवर नेऊन ठेवलं होतं, १९४०च्या वसंतात, दारूपासून लांब, सोबतीला आणि पहाऱ्याला वेल्सचा नाटकातला भागीदार जॉन हाऊसमन, आणि डिक्टेशन घ्यायला ही रीटा. सिनेमातल्या केनच्या दुसऱ्या बायकोचं, सुझन अलेक्झांडरचं आडनाव हिच्यावरूनच आलं. केल सांगतात की या बाईंच्या मते शूटिंग स्क्रिप्टमधली एकही ओळ वेल्सने लिहिली किंवा सांगितली नाही. वाचताना मी अक्षरशः मान डोलावत होते. मग चहा करायला उठले आणि किटली ठेवता ठेवता डोक्यात आलं की अरे, ती तर मँकच्या शेजारी बसून टाइप करत होती. लॉस एंजेलिसमध्ये वेल्स त्या कागदांचं काय करत होता ते तिला कुठून दिसणार?

मग म्हटलं लेख बाजूला ठेवू, आधी ड्राफ्ट बघू. मँकच्या पहिल्या ड्राफ्टचं नाव 'केन' नव्हतंच, 'अमेरिकन' होतं, एप्रिल १९४० चा. त्याची स्कॅन केलेली प्रत मिळाली, अंधुक टाइपरायटरची अक्षरं, काही पानं तर मोबाइलवर झूम करूनच वाचावी लागली. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला पुस्तकातलं १६ जुलै १९४० चं शूटिंग स्क्रिप्ट, आणि लॅपटॉपवर सिनेमा पॉज करून. एक्सेलमध्ये सीनवार रकाने केले, 'अमेरिकन'मध्ये आहे का, जुलैमध्ये आहे का, सिनेमात आहे का. हे काम म्हणजे आमच्या धंद्यातल्या कंटिन्यूइटीसारखंच, कंटाळवाणं, पण त्यातून ज्या गोष्टी दिसतात त्या लेख वाचून नाही दिसत.

पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे सांगाडा सगळा 'अमेरिकन'मध्येच आहे. म्हातारा पेपरमालक केन मेलाय, एक रिपोर्टर त्याच्या ओळखीच्या लोकांना भेटत फिरतो, प्रत्येक जण आपापला केन सांगतो, हे सगळं तिथेच. रोझबडही, म्हणजे मरताना केनच्या तोंडी आलेला शब्द, त्याच्या लहानपणीच्या बर्फावरच्या घसरगाडीचं नाव. वेल्सने स्वतः ते मँकच्या नावावर टाकलंय, वर त्याला स्वस्तातला फ्रॉइड म्हणून नाकही मुरडलंय. मँकची लहानपणी विल्क्स-बॅरीत सायकल चोरीला गेली होती आणि तो ते कधी विसरला नाही असं त्याच्या चरित्रात आहे, त्यामुळे रोझबड कुठून आला याचा फार शोध घ्यायला नको.

दुसरी गोष्ट म्हणजे 'अमेरिकन' भयंकर फुगलेला आहे. आणि हर्स्टने भरलेला. विल्यम रँडॉल्फ हर्स्ट, ज्याच्यावर केन बेतलाय तो पेपरसम्राट, मँक त्याच्या सॅन सिमिऑनच्या वाड्यावर पाहुणा म्हणून जायचा, त्यामुळे जे जे ऐकलं ते ते त्यात ओतलंय. राष्ट्राध्यक्षाच्या हत्येच्या प्रयत्नावरून पेपरवर येणारं बालंट, रोममधला पंचविशीतला केन आणि त्याच्या भोवतीचं ऐषारामी टोळकं, केनच्या झनाडू वाड्यात सुझनचा प्रियकर आणि त्याचा काटा काढल्याची सूचना. वाचायला मजा येते, खोटं कशाला बोलू. पण यातला केन सरळसरळ व्हिलन होत जातो. सिनेमातला केन तसा नाहीये. सिनेमातला केन तुम्हाला शेवटपर्यंत आवडतोही आणि डोक्यातही जातो. ही जी कापाकापी झाली, एप्रिल ते जुलै, ती ज्याने केली त्याने सिनेमा बदलला. मी रोज हेच काम करते हो, दुसऱ्याचे वीस पानी एपिसोड बारा पानांवर आणते, आणि मला माहीत आहे की काय ठेवायचं हे ठरवणं पण लिहिणंच आहे. पण त्याला क्रेडिट देताना कोणाचा हात पुढे येत नाही.

नाश्त्याचा सीन घ्या, कारण या एका सीनवर मी फार वेळ घालवला. केन आणि त्याची पहिली बायको एमिली. 'अमेरिकन'मध्ये हे लग्न ऐसपैस आहे, रीतसर सीन, रीतसर संवाद, कोणत्याही चांगल्या लेखकाने लिहिले असते तसे. सिनेमात काय आहे, तर एक टेबल, दोन माणसं, कॅमेरा सपकन वळतो आणि वर्ष बदलतं. आधी लाडीगोडी, मग पेपरच्या ऑफिसात उशीर का होतो, मग तिचे काका जे राष्ट्राध्यक्ष आहेत त्यांच्यावर पेपरात टीका का, मग मुलाच्या खोलीत केनच्या मॅनेजरने, बर्नस्टाइनने पाठवलेली भेटवस्तू, मग "लोक काय विचार करतील" यावर केनचं ते खाडकन उत्तर की मी सांगेन तो विचार करतील, आणि शेवटी शब्दच नाहीत, ती समोर बसून विरोधी पेपर वाचतेय. दोन-अडीच मिनिटांत नऊ वर्षांचा संसार संपला. वेल्सने नंतर कबूलही केलं की ही आयडिया त्याने थॉर्नटन वाइल्डरच्या 'द लाँग ख्रिसमस डिनर' या एकांकिकेवरून उचलली, त्यात एकाच जेवणाच्या टेबलावर एका घराची नव्वद वर्षं जातात. म्हणजे नाटकवाल्या माणसाचं डोकं. पेपरवाल्याला हे सुचलं नसतं असं मी म्हणत नाही, पण त्याने लिहिलेलं माझ्यासमोर होतं आणि ते वेगळं होतं.

आणि लगेच याच्या उलट उदाहरण. केनचा मित्र आणि त्याच्याच पेपरातला नाट्यसमीक्षक लेलंड दारू पिऊन टाइपरायटरवर डोकं टेकून झोपलाय, सुझनच्या ऑपेराची वाईट समीक्षा अर्धी राहिलीय, केन येतो आणि ती तशीच वाईट पुरी करतो, मग त्याला नोकरीवरून काढतो. हे मँकचं स्वतःचं आहे, शंभर टक्के. १९२५ मध्ये तो 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या नाट्यविभागात होता, शिकागोचा वीजसम्राट सॅम्युएल इन्सुल याची पन्नाशी उलटलेली बायको 'स्कूल फॉर स्कँडल'मध्ये कोवळ्या नायिकेचं काम करत होती, मँक नाटक बघून पिऊन ऑफिसात आला, संतापून समीक्षा टाइप करायला बसला आणि मशीनवरच झोपला. असला सीन कोणी कल्पनेने लिहीत नाही, तो अंगावरून गेलेला असावा लागतो. फरक एवढाच की सिनेमात ती समीक्षा केन पुरी करतो, आणि हे जे वळण आहे ना, मालकाने स्वतःच्याच बायकोची लाज स्वतःच्या पेपरात छापायची, सगळा केन त्यात आहे.

आता माझी खरी पंचाईत इथून पुढे. एक्सेलमधून कळतं काय बदललं, कोणी बदललं ते कळत नाही. मँक मे महिन्यात व्हिक्टरव्हिलहून परत आला, मध्ये दुसऱ्या स्टुडिओचं काम केलं, मग परत 'केन'वर आला. म्हणजे जून-जुलैच्या पानांत त्याचाही हात आहेच. शिवाय सेन्सॉरचा. जोसेफ ब्रीनच्या ऑफिसने वेश्यागृहाचा सीन नको म्हणून सांगितलं, पुस्तकातल्या स्क्रिप्टमध्ये तो आहे, सिनेमात नाही. मग सेटवर बदललेल्या ओळी वेगळ्याच. आमच्याकडे तर मी पाठवलेल्या फाइलवर चॅनेलचे बदल, त्यावर दिग्दर्शकाचे, त्यावर नटाने ऐन वेळी "हे मी असं नाही बोलणार" म्हणून केलेले, आणि टीव्हीवर जे दिसतं त्याला माझं नाव. चांगलं झालं तरी माझं, फजिती झाली तरी माझंच. त्यामुळे अमुक ओळ अमक्याचीच असं छातीठोक सांगणाऱ्यांबद्दल मला मुळातच शंका असते.

या गोंधळात सिनेमाचा अभ्यासक रॉबर्ट कॅरिंजर देवासारखा भेटला. त्याने केलं ते अगदी साधं, जे केलबाईंनी करायला हवं होतं. स्टुडिओच्या दप्तरात जाऊन सगळे, म्हणजे चक्क सात ड्राफ्ट आणि त्यांच्या दुरुस्त्या तारखेवार लावून बघितल्या, १९७८ मध्ये त्यावर लेख छापला. त्याचा निष्कर्ष असा की मँकने कथेचा आराखडा दिला, पात्रं दिली, बरेचसे संवाद दिले, पण वेल्सचा वाटा नुसता मोठा नाही तर निर्णायक आहे. मी माझा फाटका एक्सेल त्याच्या तक्त्याशी ताडून बघितला आणि बरं वाटलं.

त्यात त्या कराराचंही आहे. मँकला आठवड्याला १,००० डॉलर मिळायचे आणि करारात कलम होतं की तो जे काही लिहील ते कायमचं वेल्सच्या मर्क्युरी प्रॉडक्शन्सच्या मालकीचं, आणि कायद्याने लेखक कोण, तर मर्क्युरी. माणूस नाहीच, कंपनी! रेडिओत वेल्स असंच करायचा, लिहिणारे कोणीही असोत, नाव त्याचं. मँकने डोळे उघडे ठेवून सही केली होती. पण स्क्रिप्ट चांगलं झालंय हे त्याला कळलं, आणि ऑगस्ट १९४० मध्ये हॉलिवूडच्या गावगप्पा छापणाऱ्या लुएला पार्सन्सच्या कॉलमात वेल्सच्या तोंडी "आणि मग मी 'केन' लिहिला" अशा अर्थाचं वाक्य आलं, तेव्हा तो पेटला. रायटर्स गिल्डकडे गेला, मग तक्रार मागे घेतली. शेवटी जानेवारी १९४१ मध्ये दोघांची नावं ठरली. मर्क्युरीतल्या वेल्सच्या सहकाऱ्यांनी सांगितलेली एक गोष्ट आहे की फॉर्मवर वेल्सचं नाव आधी होतं, त्यानेच पेन्सिलने मँकच्या नावाला गोल केला आणि बाण काढून वर नेलं. ही वेल्सच्या माणसांनी सांगितलेली गोष्ट आहे हे लक्षात ठेवून वाचायची, पण कार्डावर मँक वर आहे हे तर समोर दिसतंच. ऑस्करला दोघंही हजर नव्हते. वेल्स ब्राझीलमध्ये होता. मँक म्हणत फिरला की मी गेलो असतो तर म्हणालो असतो, श्री. वेल्स यांच्या गैरहजेरीत हे बक्षीस घेताना आनंद होतोय कारण स्क्रिप्टही त्यांच्या गैरहजेरीतच लिहिलं गेलं. वेल्सने त्याला कळवलं की ऑस्करच्या बाहुलीच्या माझ्या अर्ध्या भागाचा तू मुका घेऊ शकतोस, मूळ इंग्रजीत जास्त वाह्यात आहे.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. पण मग मी केलवरची उत्तरं वाचायला घेतली आणि तिथे मला खरा मसाला सापडला. १९७२ मध्ये वेल्सचा दिग्दर्शक मित्र पीटर बोगदानोविचने 'एस्क्वायर'मध्ये 'द केन म्युटिनी' नावाचा लेख लिहिला. त्याने साधे फोन केले. कॅथरीन ट्रॉस्पर, वेल्सची सेक्रेटरी, तिला विचारलं, तर ती म्हणाली की मग मी श्री. वेल्ससाठी जे सतत टाइप करत होते ते काय होतं? म्हणजे दुसरी टायपिस्ट! एक व्हिक्टरव्हिलला, एक लॉस एंजेलिसला, दोघी खरं बोलतायत, आणि केलबाईंनी एकीलाच विचारलं. वेल्सलाही विचारलं नाही, तो तेव्हा जिवंत होता, फोन उचलत होता.

आणि त्याच लेखात हॉवर्ड सूबर. हा यूसीएलएचा प्राध्यापक, 'केन'च्या लेखनाच्या वादावर याने मेहनतीने मुलाखती आणि कागद जमवले होते. केलने ते त्याच्याकडून घेतलं, मिळून लिहू असं बोलणं झालं होतं, त्याला पावणेचारशे डॉलरच्या आसपास पैसे दिले, आणि लेखात त्याचं नाव? नाही. मी दोनदा शोधलं, अगदी बारीक टाइपात असेल म्हणून. एका लेखकाचं क्रेडिट कसं दाबलं गेलं यावर ५०,००० शब्द आणि त्याचं संशोधन करणाऱ्याचं नावच नाही. मी ग्रुपवर हे टाकलं तर एकाने नुसतं "च्यायला" लिहिलं.

पण थांबा. बोगदानोविचच्या त्या लेखाबद्दल समीक्षक जोनाथन रोझेनबॉमने पुढे लिहिलं की त्याचा बराच भाग खुद्द वेल्सनेच लिहिला होता. म्हणजे वेल्सची बाजू मांडणारा लेख वेल्सनेच दुसऱ्याच्या नावावर. आणि ज्या 'मँक'वरून हे सगळं आमच्यात सुरू झालं त्याचं पटकथेचं क्रेडिट एकट्या जॅक फिंचरचं, दिग्दर्शकाच्या वडिलांचं, ते २००३ मध्ये गेले. त्यानंतर त्या स्क्रिप्टवर डेव्हिड फिंचरने आणि एरिक रॉथने हात फिरवला, रॉथचं नाव निर्माता म्हणून आहे, लेखक म्हणून नाही. मुलाने वडिलांना एकट्याचं नाव दिलं यात मला वाईट काही दिसत नाही, गोडच वाटलं उलट. पण पटकथेच्या क्रेडिटवरच्या सिनेमाची पटकथा!

मग ठरल्याप्रमाणे एकाच्या गच्चीवर पडदा लावून 'केन' बघितला आणि मी बोलले. जास्त वेळ गेला तो एका प्रश्नावर. एक काका, नाट्यसंस्थेत बरीच वर्षं काम केलेले, म्हणाले की आपल्याकडे कथा, पटकथा, संवाद अशी तीन वेगळी नावं येतात, तसं असतं तर हा वाद झालाच नसता. मी म्हटलं काका, तीन नावं असली की तीन वाद होतात, पण प्रश्न चांगला आहे. मग मी माझी वाटणी सांगितली. कथा मँकिविट्झ. संवाद मुख्यतः मँकिविट्झ. पटकथा दोघांची, पण तिला हा आकार दिला वेल्सने. बर्नस्टाइनचं ते फेरीबोटीवरच्या पांढऱ्या कपड्यातल्या मुलीचं बोलणं, १८९६ मध्ये एक सेकंदभर दिसलेली, तिने बघितलंसुद्धा नाही आणि तरी एक महिना असा जात नाही की तिची आठवण येत नाही, ते वेल्सने स्वतः मँकचं म्हणून सांगितलंय आणि सिनेमातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच असंही. आणि या सगळ्याची बेरीज केली तर १९४१ च्या कार्डावर जे आहे तेच येतं, दोघं, मँक वर. त्यावर 'मँक'वाला गट म्हणाला म्हणजे आम्ही जिंकलो, नाव वर आहे. वेल्सवाला गट म्हणाला आकार त्याने दिला म्हणजे आम्ही. मी पुढचं बोलणं सोडून दिलं आणि वडापाव घेतला.

पुढचा सिनेमा 'द थर्ड मॅन' ठरलाय. त्यात कुकू क्लॉकवालं ते प्रसिद्ध बोलणं वेल्सने स्वतः लिहून टाकलं, पटकथालेखक ग्रॅहम ग्रीनने तसं मान्यही केलं, आणि टायटलमध्ये लेखक म्हणून वेल्सचं नाव नाही. ते वाचायचं काम यावेळी मी केलवाल्या गटातल्या एकीला दिलंय, आणि तिला सांगून ठेवलंय की टायपिस्ट कोण होती ते आधी शोध.